मग किती लिहू?

मॅडम,

एका मुलीला उत्तर द्यायचंय आणि मला ते देता येत नाहीये. सकाळी साडेनऊला तिचा मेसेज आला, आता दुपारचे दोन वाजत आलेत. तेवढ्यात मी दोनदा चहा केला, एकदा दूध उतू घालवलं, कपाटातल्या साड्या काढून होत्या तशाच पुन्हा ठेवल्या, आणि फोन टेबलावर पालथा घातला. पालथा घातला म्हणून त्यातला प्रश्न पुसला जाणार आहे थोडाच! आज रविवार. होळी तोंडावर आलीय आणि ऊन असं की गल्लीत चिटपाखरू नाही. सासूबाई दोनदा डोकावून गेल्या. "काय लिखी ऱ्हायनी व?" म्हणाल्या. मी म्हटलं, कॉलेजचं काम. कागद तरी कॉलेजचेच आहेत. हाताला लागले ते केअर प्लॅनचे कोरे फॉर्म, आडव्या पानावर पाच उभे रकाने आखलेले, आणि मी त्या रकान्यांना न जुमानता या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहीत सुटलेय. तुम्ही पाहिलं असतं तर आधी हेच विचारलं असतं, की रेघा मग कशाला आखल्यात.

मी आता ट्यूटर आहे, मॅडम. तुमच्या खुर्चीवर नाही, दुसऱ्या कॉलेजात, पण काम तेच. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना वॉर्डात घेऊन जायचं, एकेकीला एकेक पेशंट द्यायचा आणि तुम्ही शिकवलेलंच शिकवायचं. पेशंटला नीट बघा, विचारा. त्याची अडचण काय ते ठरवा. काय साधायचं ते लिहा, कसं साधायचं ते लिहा, तसं करा, आणि शेवटी साधलं की नाही ते तपासा. फळ्यावर पाच पायऱ्या काढते, तुमच्यासारख्याच, डावीकडून वर चढत जाणाऱ्या. माझ्या मुली त्या घडाघडा म्हणून दाखवतात. त्यातल्या बहुतेक जणी पहिली पायरी चढायच्या आत पाचवीवर जाऊन बसलेल्या असतात, हे मला दिसतं आणि मी सह्या करते. महिन्याला ढीगभर फाइली असतात. हे कारण नाही, मला माहीत आहे, पण सांगून टाकते.

ही मुलगी धडगावच्या वरच्या डोंगरातली. घरी पवारी बोली, मराठी आश्रमशाळेत शिकलेली, त्यामुळे बोलते जपून आणि बोलते ते पुस्तकातलं. तिला मी ज्या आजी दिल्या त्या बाजारपेठेतल्या मारवाडी घरातल्या, किराण्याच्या दुकानाच्या मालकीणच म्हणा. लिव्हर खराब झालंय, पोटात पाणी भरतंय. लघवीच्या गोळ्या चालू आहेत, मीठ बंद. रोज सकाळी बेंबीवर टेप धरून पोटाचा घेर मोजायचा. पहिल्या दिवशी ब्याण्णव सेंटीमीटर भरला. तीन दिवसांत नव्वदवर आणायचा, असं पोरीनं ध्येय लिहिलं. चौथ्या दिवशी घेर भरला त्र्याण्णव. आणि शेवटच्या रकान्यात तिनं सरळ लिहिलं, ध्येय साध्य झालं नाही.

नुसतं तेवढं नाही लिहिलं. का झालं नाही ते शोधलं. आजींचं आळणी ताट रोज तसंच परत जातं हे तिनं दोन दिवस पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन बसली. आजी म्हणाल्या, "बेटा, फीका खाना गले से नीचे नहीं उतरता." मग पोरगी तशीच बसून राहिली. अर्ध्या तासानं आजींनी स्वतःच उशीखालची पिशवी काढून दाखवली. मुगाचे पापड! घरून नातवाकडून मागवलेले, सुनेला पत्ता नाही. पोरीनं आरडाओरडा केला नाही, सुनेकडे चुगली केली नाही. डॉक्टरांना विचारून नवा बेत लिहिला, की ताटात लिंबू द्यायचं, भाजलेल्या जिऱ्याची पूड द्यायची, पापड नको पण जिभेला काहीतरी हवं. मी ते पान वॉर्डात उभ्या उभ्या वाचलं आणि मला इतका आनंद झाला की क्षणभर तुम्हाला दाखवावंसं वाटलं. खरंच, मान वळवून मागं बघितलं मी.

आणि त्याच मिनिटाला मला आमच्या प्राचार्या आठवल्या. मागच्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी अशाच एका पानावर बोट ठेवून विचारलं होतं, "तुमच्याकडे ध्येयं साध्य होत नाहीत वाटतं?" हसत विचारलं होतं. प्राचार्या मात्र नंतर हसल्या नाहीत. केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या की फाइलीत ‘साध्य झालं नाही’ हे दिसता कामा नये, मुली चुकतात पण तुम्ही कशाला आहात. उद्या सोमवारी त्याच परीक्षक बाई येणार आहेत, दहा वाजता फाइली टेबलावर हव्यात. तर काल, शनिवारी, मी त्या पोरीला बाजूला घेतलं आणि ते पान बदलून आणायला सांगितलं. कोणत्या शब्दांत सांगितलं ते सांगायला मला अजून थोडा वेळ द्या. आज सकाळी तिचा मेसेज आला तो एवढ्यासाठीच. त्याचे शेवटचे तीन शब्द आहेत, मग किती लिहू.

वीस वर्षांपूर्वीचा, मी तुमच्या हाताखाली शिकत होते तेव्हाचा तो सोमवार तुम्हाला आठवतो का, असं विचारणार होते. मेलेल्या माणसाला असलं काय विचारायचं! मला आठवतो, एवढं पुरे.

पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, खिडकीजवळची खाट. काठी गावाकडचा माणूस होता, पन्नाशीचा असेल, वाळलेला, हाडापेरानं चिवट. पायात काटा मोडून पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. बुधवारी भरती झाला. गुरुवारी तुम्ही स्वतः त्याच्या पोटरीवर पेनानं आडवी रेघ मारलीत, टेप गुंडाळलीत, छत्तीस भरलं. मला म्हणालात, हा तुझा पेशंट. रोज सकाळी याच रेघेवर मोजायचं, पाय उशीवर उंच ठेवायचा, सोमवारी खाटेपाशी उभं राहून मला केस सांगायची. मी मान डोलावली. मला तो पेशंट नको होता, मॅडम. माझ्या मैत्रिणीला अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला शाळामास्तर मिळाला होता, गोड बोलायचा, बोलता बोलता फाइल भरून व्हायची. माझा हा बाबा पवारीशिवाय काही बोलायचा नाही, आणि मी त्याला खाटेवर निजवून पाय उशीवर ठेवला की मी वळायच्या आत खाली उतरून फरशीवर बसायचा. पुन्हा चढवलं, पुन्हा खाली. मी त्याला ओरडले. शुक्रवारी तर मी त्याला म्हटलं, "बाबा, समजत नाही का तुम्हाला? पाय जाईल एखाद्या दिवशी!" तो माझ्याकडे बघून नुसता हसला, कानकोंड्यासारखा. मी फाइलीत लिहिलं, पेशंट सहकार्य करत नाही. कारण लिहिलं, अज्ञान. अज्ञान हा शब्द मला तेव्हा फार सोपा वाटायचा.

शुक्रवारी मी पाय मोजला नाही. शनिवारीही नाही. आमच्या हॉस्टेलात शनिवारी संध्याकाळी काय चालायचं ते तुम्हाला ठाऊक असेलच. सगळ्या जणी गच्चीवर चटया टाकून बसायच्या, एक जण सीनियरची जुनी फाइल वाचायची आणि बाकीच्या लिहायच्या. सोमवारचं मूल्यमापन शनिवारीच लिहून तयार. पेशंटची वेदना कमी झाली, पेशंटनं तसं बोलून दाखवलं, पेशंट शांत झोपला. माझा बाबा त्या फाइलीत काय सुंदर इंग्रजी बोलला होता, तुम्हाला सांगते! आपली चिंता दूर झाल्याचं त्यानं मला इंग्रजीत सांगितलं होतं. आम्ही पोट धरून हसलो होतो त्यावर. आणि हसता हसताच मी घेराच्या ओळीत आकडे भरले. शुक्रवार छत्तीस, शनिवार पस्तीस, रविवार चौतीस. एकदम चौतीस नको, हळूहळू उतरलेलं खरं वाटतं, एवढी अक्कल होती मला.

त्या वॉर्डात सिस्टर कमी आणि पेशंट भरमसाट, म्हणून आमचेच आकडे वॉर्डाच्या तक्त्यावर उतरवले जायचे. हे मला माहीत होतं. रविवारी सकाळी मीच माझ्या हातानं ते चौतीस तक्त्यावर लिहिलं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी तक्ता बघितला, ठीक चाललंय म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले. बाबा घोंगडी पायावर ओढून फरशीवर बसलेला होता. दुखतंय म्हणाला नाही. म्हणाला असता तरी मला कळलं नसतं.

सोमवारी मी केस फार छान सांगितली. एकही अडखळ नाही. तुम्ही हाताची घडी घालून ऐकलंत, शेवटपर्यंत मधे बोलला नाहीत. मग वाकून घोंगडी बाजूला केलीत. पोटरी लालभडक, चकाकणारी, आणि तुमच्या पेनाची रेघ ताणून पुसट झालेली. तुम्ही हात लावलात तसा तो कळवळला. तुम्ही कपाटातून टेप मागवलीत, रेघेवर गुंडाळलीत, आणि आकडा मोठ्यानं म्हणालात. अडतीस. मग माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही, तेच तर मला अजून सोसत नाही. तुम्ही विचारलंत, "काल चौतीस होतं ना?" सात मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो मॅडम. ती टेप जुनी आहे, ताणलेली आहे. तिच्यानं कमी भरतं." कुठून सुचलं देव जाणे. ज्या टेपनं तुम्ही आत्ता माझ्यासमोर अडतीस मोजलं होतं, तिलाच मी ताणलेली म्हणत होते, एवढंही डोक्यात आलं नाही. तुम्ही टेपची गुंडाळी केलीत, ट्रेमध्ये ठेवलीत, आणि डॉक्टरांना बोलवायला ब्रदरला पळवलंत.

डॉक्टर येईपर्यंत तुम्ही जे केलंत ते मी माझ्या प्रत्येक वर्गाला सांगते, फक्त माझं नाव काढून. तुम्ही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत फरशीवर मांडी घातलीत त्याच्यासमोर. वॉर्डातल्या मावशी तोरणमाळच्या बाजूच्या होत्या, त्यांना पवारी यायची. त्यांना जवळ बसवलंत आणि त्याला विचारायला लावलंत, खाटेवर का बसत नाहीस? पाच दिवस तो वॉर्डात होता आणि हा प्रश्न त्याला पहिल्यांदा विचारला गेला. तो घडाघडा बोलायला लागला. मावशी हसून म्हणाल्या, "अहो मॅडम, यानं होळीचा नेम धरलाय!" नातू आजारातून उठला म्हणून बोललेला नवस होता. काठीच्या होळीत तो अंगाला राख फासून, कमरेला घुंगरं बांधून नाचणार होता, आणि तोवर खाटेवर बसायचं नाही, निजायचं नाही, पायात वहाण घालायची नाही. अनवाणी फिरला म्हणून तर काटा मोडला होता. मी खाटेवर चढवलं की तो चढायचा, कारण पोरीचं मन मोडू नये, आणि मी वळले की उतरायचा, कारण देवाचंही मोडू नये.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात, आणि रागावलात की नेहमी अहिराणीवर यायचात तशा आलात. "तू त्याले इचारं का एकदा तरी?" मी मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "आमच्या सारंगखेड्याले जत्रेत घोडं लेनारा मानूस पहिले खाले बसस, पायले हात लावस, मंग भाव इचारस. आनि तुम्ही मानसाले हात न लावता लिखतस?" मग मावशींना गादी खाली अंथरायला सांगितलीत, लाकडी स्टूल आडवं करून त्यावर उशी ठेवलीत आणि त्याचा पाय त्यावर उचलून ठेवलात. खाट कशाला हवी होती? पाय उंच हवा होता. तो उंच राहिला, त्यानंतर एकदाही खाली आला नाही. पाच दिवस मी ज्याला सहकार्य करत नाही म्हणत होते तो माणूस तीन तास हललाही नाही.

दुपारी पाय चिरून पू काढला. पाय वाचला. पण जखम उघडी, रोज पट्टी, आणि होळी शनिवारी. डॉक्टर सोडेनात. शुक्रवारीच मोजलं असतं तर तीन दिवस आधी चिरा दिला असता, आणि कदाचित तो लंगडत का होईना घरी पोचला असता. मी हा हिशोब किती वेळा केलाय. होळीच्या दिवशी मी ड्यूटीवर होते. तो भिंतीकडे तोंड करून पडून होता, ताटाला हात लावला नाही त्यानं. मावशींनी समजावलं, पुढच्या वर्षी नाच, देव समजून घेतो. त्यानं मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे वळला. त्याला माझा चौतीस कुणी सांगितला नव्हता. जाताना मला हात जोडून गेला.

मंगळवारी सकाळी, म्हणजे त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. मला वाटलं आता काढून टाकतात. रात्रीच पेटी भरून ठेवली होती मी, बापाला काय सांगायचं तेही ठरवून झालं होतं. तुम्ही माझी फाइल उघडून ठेवली होती. सोमवारी दुपारी मी रडत रडत नवीन पान लिहिलं होतं, त्यात घेर अडतीस, ध्येय साध्य झालं नाही, कारण परिचारिका विद्यार्थिनीनं पेशंटला विचारलं नाही. त्या पानावर तुम्ही सही केली होती. आधीच्या पानांवर नव्हती. मग तुम्ही ड्रॉवरमधून एक टेप काढलीत, पिवळी, शिंप्याच्या दुकानात मिळते तशी, गुंडाळीवर दुकानदाराचा कागद तसाच. म्हणालात, "घे. ही ताणलेली नाही." आणि खाली मान घालून दुसरी फाइल तपासायला लागलात.

तुम्हाला कळलं होतं की नव्हतं? वीस वर्षं मी हेच घोळवतेय. कधी वाटतं, मॅडम भोळ्या होत्या, माझ्यावर विश्वास ठेवून चांगली टेप आणून दिली. मग मलाच हसू येतं. तुम्ही आणि भोळ्या! ती टेप मी एप्रनच्या खिशात वागवली, नवापूरला पहिली नोकरी लागली तेव्हाही, आणि नंतर इथं शिकवायला आले तेव्हाही. तुम्ही आजारी पडलात तेव्हा एकदा भेटायला आले होते. टेप पर्समध्ये होती. सांगायचं म्हणून आले होते, सबंध एसटीत वाक्य जुळवत आले होते. तुम्ही कैरीच्या लोणच्याच्या गोष्टी काढल्यात, कुणाच्या घरचं किती टिकतं, माझं मूल किती महिन्यांचं झालं, दूध पुरतं का. मी लोणच्याचंच बोलत बसले आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून उठले. पंधरा दिवसांनी तुम्ही गेल्याचं फोनवर कळलं. मी वॉर्डात होते, पुढच्या पेशंटचं बीपी घेतलं.

आता कालचं. सांगते.

पोरीनं पोटाचा घेर मोजायला टेप मागितली होती, मंगळवारी. वॉर्डातली सापडत नव्हती. मी खिशातली काढून दिली. तुमचीच. काल मी तिला बाजूला घेतलं आणि खरं कारण सांगायची लाज वाटली, मॅडम. परीक्षक काय म्हणतील, प्राचार्या काय म्हणतील, हे त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगणार? तिच्या पानात पापडापर्यंत सगळं खरं होतं. तेव्हा माझ्या तोंडून आपोआप आलं, "अगं, त्र्याण्णव कसं असेल? टेप जुनी आहे ती, वीस वर्षांची. ताणली असेल. पुन्हा बघ, नव्वद असेल, तसं लिहून आण." टेप ताणली तर घेर कमी भरतो, जास्त नाही, एवढाही विचार केला नाही मी. दोन्ही वेळा थाप एकच, आणि या वेळी ती उलटी बसवली. पोरगी "हो मॅडम" म्हणाली आणि गेली. वरून डॉक्टर तो नव्वद बघतील, म्हणतील गोळ्या लागू पडल्या, आणि आजी उशीखाली हात घालतील. मला हे सगळं कळत होतं. तरी मी घरी आले, जेवले, सासूबाईंबरोबर मालिका पाहिली.

आणि आज सकाळी हा मेसेज. पूर्ण उतरवते. "मॅडम, टेप स्टीलच्या फुटपट्टीला लावून बघितली. तीन वेळा लावली. बरोबर आहे. आज सकाळी आजींना पुन्हा मोजलं, त्र्याण्णवच आहे. मग किती लिहू?"

तिनं माझं म्हणणं खरं मानलं, मॅडम. टेपमध्ये खोट असू शकते असं ट्यूटर म्हणते, तर तपासून बघावी, म्हणून रविवारी सकाळी स्टीलची पट्टी शोधून बघितली. मला त्या वयात कुणी असं सांगितलं असतं तर मी सुटकेचा श्वास टाकून नव्वद लिहिलं असतं. हिला अजून ठाऊक नाही की मी तिच्याशी खोटं बोलले. किंवा ठाऊक आहे, आणि ‘मग किती लिहू’ हे तिचं ‘घे, ही ताणलेली नाही’ आहे. कळत नाही मला. तुमचंही कळलं नव्हतं.

सासूबाई आता पाणी घेऊन आल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "काय जयं व? कोन गयं का?" मी म्हटलं, नाही, कुणी गेलं नाही. "मंग उत्तर दी टाक ना त्या फोनले, सकायपाईन वाजी ऱ्हायना," म्हणाल्या. खरं तर तो फक्त एकदाच वाजला. पण त्यांच्याही लक्षात आलं होतं.

दिलं उत्तर. आधी लिहिलं, "त्र्याण्णव लिही. पान बदलू नको. उद्या परीक्षकांशी मी बोलेन." ते लगेच पाठवलं, त्याला फार धैर्य लागलं नाही. प्राचार्यांना तोंड द्यायचं माझं वय झालंय आता, फार तर ओरडतील. दुसरा मेसेज लिहायला पाऊण तास गेला. चार वेळा खोडला. शेवटी एवढाच राहिला, "टेप चांगली आहे हे मला माहीत होतं. मी खोटं बोलले." बोट त्या बाणावर ठेवलं आणि डोळे मिटले, लहान पोरीसारखे. गेला. तिनं वाचलाय, दोन निळ्या खुणा आल्यात. अजून काही लिहिलेलं नाही तिनं. उद्या सकाळी वॉर्डात ती माझ्याकडे कशी बघेल ते माहीत नाही, आणि तरी साडेनऊपासून पहिल्यांदा खुर्चीवर टेकून बसलेय.

या कागदाला पत्ता नाही. उद्या फाइलींच्या गठ्ठ्यात चुकून जाऊ नये म्हणून डाळीच्या डब्यामागं ठेवणार आहे, तिथं आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. एसटीत जुळवलेलं ते वाक्य तेवढं राहिलं. तुमच्या त्या वॉर्डातली टेप चांगली होती, मॅडम. मी कपाट उघडलंच नव्हतं.